दोनशे रुपयांचं कार्ड

बरेच दिवस झाले इथे काही लिहिलं नाही. मध्ये दोघातिघांनी "बंद पडला का ब्लॉग?" म्हणून विचारलंसुद्धा. बंद नाही पडला. सुचत नव्हतं असंही नाही. जे सुचत होतं ते लिहायची लाज वाटत होती, एवढंच. आज लिहून टाकतो. घरचे लोक इथे येऊन वाचतात हे माहीत आहे, किंबहुना त्यांच्यासाठीच लिहितोय. ताई, तू शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर :)

तर झालं असं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये माझ्या क्रेडिट कार्डाचं नूतनीकरण होतं. साधंसुधं कार्ड नाही बरं का, 'प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड'! काळंभोर, जाड, हातात घेतलं की वजन जाणवतं. वार्षिक फी दहा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत चूक बँकेची नाही, माझी आहे. वर्षात पाच लाख खर्च केले तर पुढच्या वर्षीची फी माफ, अशी योजना. बँकेच्या ॲपमध्ये एक हिरवी पट्टी असते, खर्च होईल तशी ती भरत जाते. ऑगस्ट उजाडला तेव्हा माझी पट्टी ३,७०,००० वर अडकली होती. एक लाख तीस हजार कमी.

मग मी काय केलं? जे कुठलाही सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस करतो तेच. रविवारी सकाळी चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसलो आणि एक्सेलमध्ये कार्डांची तुलना मांडली. आडवे रकाने कार्डांचे, उभे रकाने फायद्यांचे. बायको मागून डोकावून म्हणाली, "घर घेताना एवढा अभ्यास नव्हता केलास." मी दुर्लक्ष केलं.

ज्यांना या प्रकारात रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. पण हल्ली ऑफिसात, नातेवाइकांच्या लग्नात, कुठेही चार माणसं जमली की 'तुझं कोणतं कार्ड?' हा विषय निघतोच, म्हणून लिहून ठेवतो. मी पाहिलं तेव्हा एसबीआयच्या एलिट कार्डाची वार्षिक फी ४,९९९ रुपये होती, ॲक्सिसच्या ॲटलसची ५,०००, एचडीएफसीच्या इन्फिनियाची १२,५००. सगळ्यांवर जीएसटी वेगळा. म्हणजे पाच हजारांचे ५,९०० होतात आणि साडेबारा हजारांचे १४,७५०. हा जीएसटी जाहिरातीत बारीक अक्षरात असतो आणि बिलात ठळक.

फीच्या बदल्यात मिळतं काय? पहिलं म्हणजे पॉइंट. पण पॉइंट म्हणजे रुपये नव्हेत, ते बँकेने स्वतः छापलेलं चलन आहे. त्याची किंमत बँक ठरवते आणि बँकच बदलते. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटाला वापरला तर एक किंमत, मिक्सर किंवा प्रवासी बॅग घेतली तर निम्मी किंवा त्याहून कमी. दुसरं, विमानतळावरचा लाउंज. दोन रुपयांचं स्वाइप करायचं आणि आत जाऊन उपमा, इडली, कॉफी. तेही २०२३-२४ पासून बऱ्याच कार्डांनी आखडतं घेतलंय. आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच आत सोडतात. तिसरं, परदेशात कार्ड वापरलं तर चलन बदलण्याचा आकार कमी. साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, भारी कार्डांवर दोन टक्क्यांच्या आसपास. आणि चौथं म्हणजे स्वागताचं व्हाउचर. 'फी पाच हजार आणि व्हाउचरही पाच हजारांचं, म्हणजे कार्ड फुकटच की!' असं वाटतं. पण ज्या दुकानात आपण एरवी पाऊल टाकलं नसतं त्या दुकानाचं पाच हजारांचं व्हाउचर म्हणजे पाच हजार रुपये नव्हेत. ते खर्च करायचं निमंत्रण आहे.

तर असे सगळे रकाने भरत भरत मी शेवटच्या रकान्यापाशी आलो. तिथे मीच सकाळी उत्साहात लिहून ठेवलं होतं: 'वर्षभरात आपला प्रवास किती?' आणि तो रकाना काही भरेना.

आठवून आठवून लिहिलं. दिल्ली एकदा, ऑफिसच्या कामाला, तिकीट कंपनीचं. बंगलोर एकदा, मित्राच्या लग्नाला. लाउंजमध्ये तीन वेळा गेलो. त्यातल्या एका वेळी लाउंजबाहेर एवढी रांग होती की मला बीडच्या स्टँडवरची दिवाळीतली गर्दी आठवली. फरक एवढाच की इथे कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत नव्हतं. आणि बीड? बीडला दोनदा. एकदा महालक्ष्म्यांना आणि एकदा दिवाळीत. दिवाळीनंतर ऑगस्टपर्यंत एकदाही नाही. नऊ महिने. बीडमध्ये आई एकटी असते.

मी एक्सेल बंद केलं. आणि मला नानांची वही आठवली.

आमचे नाना, म्हणजे वडील, स्टेशनरीच्या ऑर्डरी घ्यायचे. वह्या, पेनं, कंपासपेट्या, फुलस्केप कागद. बीडमधल्या एका घाऊक दुकानदाराकडून माल, आणि जिल्हाभरच्या लहान दुकानांत फिरून मागणी घ्यायची. पगार नाही, कमिशन. प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी. सगळं एसटीने. मोटारसायकल त्यांनी कधी घेतली नाही. "एसटीत माणूस झोपू शकतो," म्हणायचे.

एसटी महामंडळाचं तेव्हा एक 'वार्षिक सवलत कार्ड' असायचं. आमच्या पुण्यामुंबईच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. दोनशे रुपये भरायचे, फोटो द्यायचा, आणि वर्षभर तिकिटात दहा टक्के सवलत. नानांनी ते बरीच वर्षं काढलं. २००५-०६ च्या सुमारास मी सुटीत घरी आलो की शर्टाच्या वरच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात ते दिसायचं, चष्म्याच्या घराला टेकून. कंडक्टर जवळ आला की पैशाच्या आधी ते कार्ड बाहेर यायचं आणि नाना जरा मोठ्यानेच म्हणायचे, "वार्षिक कार्ड आहे." मला तेव्हा त्याची लाज वाटायची. केजच्या तिकिटात चार रुपये वाचणार, त्यासाठी एवढं कशाला? कॉलेजातल्या मुलाला वडिलांच्या ज्या ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांची यादी केली तर ती पुढे जाऊन त्याच्या वडिलांच्या गुणांची यादी होते. असो.

सांगायचं ते कार्डाबद्दल नाही, वहीबद्दल आहे. नाना प्रत्येक प्रवास वहीत मांडायचे. तारीख, कुठून कुठे, तिकीट किती. दर वर्षी नवं कार्ड काढायच्या आधी एका संध्याकाळी बसून ते मागच्या वर्षाची बेरीज करायचे. मी एकदा विचारलं, "नाना, दोनशे रुपयांसाठी एवढी बेरीज कशाला? तुम्ही फिरताच की." तर म्हणाले, "फिरतो असं वाटणं वेगळं आणि फिरणं वेगळं. दोन हजाराचं जाणं झालं तर कार्डाचे पैसे फिटतात. त्याच्या वर जे होईल ती आपली कमाई. आधी जाणं, मग कार्ड."

त्यांचं जाणं आठ हजारांच्या आसपास व्हायचं. दहा टक्के म्हणजे आठशे वाचले, दोनशे कार्डाचे गेले, सहाशे उरले. सहाशे रुपयांत तेव्हा आमच्या दोघा भावंडांच्या वर्षभराच्या वह्या यायच्या. (त्या नाना घाऊक भावात आणायचे, पण पैसे देऊन आणायचे हे मुद्दाम सांगतो.)

दोनशेला दहा टक्क्यांनी भागलं की दोन हजार. फी भागिले जादा सवलत. बस्स, एवढंच गणित आहे! मी सकाळपासून दोन तास जे एक्सेल भरत होतो ते सगळं नानांच्या या एका ओळीत बसत होतं.

तेच गणित मी माझ्या कार्डाला लावलं. माझ्याकडे एक जुनं फुकटचं कार्डही आहे, ते खर्चावर एक टक्का परत देतं. काळं कार्ड, पॉइंट विमानाच्या तिकिटाला वापरले तर, साधारण दोन टक्के. म्हणजे काळ्या कार्डाची जादा सवलत एक टक्का. ११,८०० ला एका टक्क्याने भागा. ११,८०,०००. फी भरून ते कार्ड फुकटच्या कार्डाच्या बरोबरीला यायलाच मला वर्षाला अकरा लाख ऐंशी हजार खर्चायला हवेत. त्याच्या पुढे कमाई. आणि माझा खर्च ३,७०,०००.

या वर्षीचा हिशोब मांडला तो असा. पॉइंट ७,४०० रुपयांचे. लाउंज तीन वेळा. तिथल्या खाण्याची किंमत पाटीवर काहीही असो, मी खिशातून शंभराच्या वर दिले नसते, म्हणून तीनशे. एकूण ७,७००. फी ११,८००. म्हणजे ४,१०० रुपये तोटा. फुकटचं कार्ड वापरलं असतं तर उलट ३,७०० मिळाले असते. दोन्हींतला फरक ७,८०० रुपये. हे पैसे मी कशासाठी देत होतो? तर 'मी प्रवास करणारा माणूस आहे' या समजुतीसाठी.

थांबा, कार्डांना सरसकट नावं ठेवत नाहीये. माझ्या ऑफिसातला एक जण स्वतःच्या खर्चाने वर्षातून तीन-चार वेळा परदेशी जातो, त्याच्या मुली तिकडे शिकतात. तीन लाख जरी त्याने बाहेर खर्च केले तरी नुसत्या चलनाच्या आकारातच त्याचे साडेचार हजार वाचतात. त्याला हे कार्ड नानांच्या एसटीच्या कार्डासारखंच चोख परवडतं. त्याचं जाणं आधी आहे, कार्ड नंतर. माझं उलटं होतं.

आता तो लाजेचा भाग.

ताई, २०२४ च्या जुलैमध्ये मी आईला फ्रिज पाठवला, आठवतंय? तू आपल्या ग्रुपवर लिहिलंस, 'लेक असावा तर असा'. मामांनी हात जोडलेले तीन चित्रं टाकली. मीही नम्रपणे 'अगं त्यात काय' वगैरे लिहिलं. तर खरी गोष्ट अशी. त्या वर्षी माझी हिरवी पट्टी चाळीस हजारांनी कमी पडत होती आणि महिना उरला होता. काय घ्यावं याचा विचार करता करता रात्री साडेअकराला मी ऑनलाइन ४२,००० चा फ्रिज घेतला आणि पत्ता बीडचा टाकला. भर पावसाळ्यात. आईचा जुना फ्रिज चालू होता. एकट्या बाईला दोन दारांचा फ्रिज काय करायचा होता? पण पट्टी भरली, फी माफ झाली. ११,८०० वाचवायला ४२,००० घातले आणि वर कौतुक पदरात पाडून घेतलं.

फ्रिज पोचला त्या दिवशी आईचा फोन आला. "फ्रिज आला रे. लई मोठा आहे. तू कधी यायलास?"

मी म्हणालो, "महालक्ष्म्यांना येतो."

तेव्हा त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. एक वर्षानंतर, एक्सेलचा रिकामा रकाना बघताना वाटलं.

त्याच वर्षी दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईने माझं ते काळं कार्ड पाहिलं होतं. उलटंपालटं करून विचारलं, हे काय असतं? मी सांगितलं, यावर आधी खर्च करायचा, पैसे नंतर भरायचे. ती म्हणाली, "म्हणजे उचलच की."

बीडच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. जायच्या आधी मुकादम त्यांना रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, माणसं म्हणत नाहीत. उचल हंगामभर तोडणीतून फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा' म्हणून दंड कापला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेली पुढच्या वर्षीच्या डोक्यावर. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता लागतो, तिथून दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर जाताना लहानपणापासून पाहतोय. भांडी, सरपण, शेळ्या आणि वर बसलेली पोरं.

मी आईला म्हणालो, "अगं उचल काय! हे वेगळं असतं. याची वर्षाला दहा हजार फी आहे."

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुकादम निदान उचल द्यायचे पैसे तर मागत नाही."

मी हसलो होतो. हे पुण्यात आल्यावर दोनतीन ठिकाणी विनोद म्हणून सांगितलंही. आता वाटतं, उसाच्या फडात पहाटे कोयता चालवणाऱ्या बाईच्या उचलीशी माझ्या एसीतल्या कार्डाची बरोबरी करणं हा उद्धटपणाच आहे. तिला उचल घेण्यावाचून इलाज नसतो, मला होता. पण एक गोष्ट आईने बरोबर ओळखली होती. ज्याचे पैसे आपण आधी घेतो तो मग आपलं वर्ष कसं जाणार हे ठरवायला लागतो. ती हिरवी पट्टी मला सांगत होती की जुलैमध्ये फ्रिज घे. आणि बिल पूर्ण भरलं नाही तर काय होतं तेही सांगून ठेवतो. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाचे चाळीस टक्क्यांच्या वर. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. तेव्हा आपल्याला वाचवायला कोणी येईल या भरवशावर राहू नका. फ्रिजच्या वेळी मीही एक महिना अर्धंच बिल भरलं होतं. ते बायकोला आज हे वाचूनच कळणार आहे. सॉरी.

आता नानांची शेवटची गोष्ट सांगतो आणि संपवतो.

२०१२ सालची. नानांचे गुडघे गेले होते, त्यात हृदयाचं दुखणं निघालं. तरी ते महिन्यातून एकदोनदा केज, माजलगाव करायचे. मी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीत होतो. फोनवर आई सहज म्हणाली, "यंदा नानांनी कार्ड नाही काढलं." मी म्हणालो, "बरं झालं, दोनशे वाचले." पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा त्यांना विचारलंही, का नाही काढलं म्हणून. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "दोन हजाराचं जाणं व्हायचं नाही आता."

मला ते गणित वाटलं. आपल्याला आता फार फिरता येणार नाही, हे त्यांनी मला सांगितलं होतं. डॉक्टरांच्याही आधी, त्यांच्या पद्धतीने, बेरीज करून सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही. दोन वर्षांनी नाना गेले.

त्यांच्याकडे नूतनीकरण करायला दोनशे रुपये नव्हते असं नाही. नुसतं खिशात दिसावं म्हणून कार्ड ठेवलं असतं तर कोण विचारणार होतं? पण जे जाणं होणार नाही त्याचं कार्ड त्यांनी ठेवलं नाही. आणि मी, धडधाकट माणूस, पुण्याहून बीडला जायला रात्रीची गाडी पकडली तर सकाळी घरी, तो मी नऊ महिने कुठे गेलो नव्हतो आणि प्रवासाच्या कार्डाचे ११,८०० भरायला निघालो होतो.

कार्ड बंद करायला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, सर, अर्धी फी घेऊ, वर बोनस पॉइंट देऊ. मी म्हणालो, मला बीडला जायचं असतं, त्यासाठी काही आहे का? ती क्षणभर थांबली. "सर, बीडला एअरपोर्ट आहे?" नाही म्हणालो. मग तीही हसली. (माहितीसाठी: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करून द्यावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. बंद करायच्या आधी पॉइंट वापरून घ्या.)

त्यानंतर महिन्याभरात, १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीडला रेल्वे आली. १९९५ साली मंजूर झालेला नगर-बीड-परळी मार्ग, २६१ किलोमीटरचा. तीस वर्षं! नाना दर बजेटनंतर म्हणायचे, "पुढच्या वर्षी येते बघ." नगर ते आष्टी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली होती, आता ती बीडपर्यंत आली. परळीकडचं काम अजून व्हायचं होतं, पण बीडच्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं.

ऑक्टोबरमध्ये आईला पुण्याला आणायला गेलो. खरं म्हणजे तिला एसटीच सोयीची. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जून १९४९ आहे. (आमच्याकडे एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती दिलेली.) त्यामुळे तिला पंचाहत्तरी पूर्ण झाल्याची सवलत लागू. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना राज्यात एसटी मोफत आहे. कंडक्टर आधार बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. एक्सेलमध्ये मी इतकी कार्डं मांडली, पण सगळ्यात भारी ट्रॅव्हल कार्ड आमच्या घरात आईच्या बटव्यात होतं. फी शून्य, सवलत शंभर टक्के. नानांच्या गणिताने भागायलाही जमत नाही!

पण आई म्हणाली, "नगरपर्यंत रेल्वेनी जाऊ. त्यांनी बघितली नाही, मी तरी बघते." रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्येच बंद झाली, तेव्हा पूर्ण तिकीट काढलं. गाडी सावकाश जाते. एसटीने यापेक्षा लवकर पोचलो असतो. आईने तीळगुळाचा नाही पण तसलाच एक शेंगदाण्याचा लाडू आणि धपाट्यांचा डबा काढला. आमचा लाउंज. आष्टी आलं, कडा आलं, नारायणडोह आलं. आई खिडकीला टेकून बाहेर बघत होती. आष्टी स्टेशनाची पाटी दिसली तेव्हा म्हणाली, "आष्टीला ते मुक्कामाला राहायचे, शेवटची गाडी चुकली की."

नगरला उतरून पुण्याच्या एसटीत बसलो. आईचं शून्याचं तिकीट, माझं पूर्ण. ती झोपली. नाना म्हणायचे ते खरं आहे, एसटीत माणूस झोपू शकतो.

तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नानांची शेवटची वही होती. मी मागितली म्हणून तिने शोधून आणली होती. मागची बरीच पानं कोरी आहेत. घरी आल्यावर मी त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं: बीड ते नगर रेल्वे, नगर ते पुणे एसटी, आई बरोबर. त्याच्या खाली आतापर्यंत आणखी तीन ओळी झाल्या आहेत, सगळ्या पुणे-बीडच्या. वर्ष संपलं की बेरीज करीन. कार्ड घ्यायचं की नाही ते त्यानंतर बघू.

ताई, आता फोन कर.